कळतं पण वळत नाही



आजचं वाचन: कठोपनिषद, पहिला अध्याय, तिसरी वल्ली, मंत्र ३ ते ९. रथाचं रूपक.

हे रूपक आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. तरी एकदा उजळणी करू. यम नचिकेताला सांगतो की शरीर हा रथ आहे आणि आत बसलेला मालक म्हणजे आत्मा. बुद्धी हा सारथी. इंद्रियं हे घोडे. विषय म्हणजे ते घोडे ज्यावरून धावतात ते रस्ते. आणि मन म्हणजे लगाम. ज्याचं मन ताब्यात आहे त्याची इंद्रियं शहाण्या घोड्यांसारखी सारथ्याचं ऐकतात. ज्याचं नाही, त्याचे घोडे उधळतात. तो मुक्कामाला न पोहोचता पुन्हा संसाराच्या फेऱ्यात येतो. सारथी जाणता असेल आणि लगाम घट्ट धरलेला असेल, तर माणूस वाटेच्या शेवटाला, म्हणजे विष्णूच्या परमपदाला पोहोचतो.

हे मंत्र मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर असल्यापासून वाचतोय. दरवेळी माझं लक्ष घोड्यांकडे जायचं. मोबाईल, जीभ, डोळे, सगळे घोडे कसे आवरायचे? नाहीतर सारथ्याकडे जायचं. अजून वाचू, अजून प्रवचनं ऐकू, बुद्धी तयार करू. लगामाकडे कधी नीट पाहिलंच नाही. गेल्या वर्षी नवरात्रात पातूरच्या घाटात ते पाहायला लागलं. आज तेच सांगतो.

घाट

पातूर हे माझं आजोळ. अकोल्याहून वाशीमकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. गावाजवळच्या टेकडीवर रेणुकामातेचं देऊळ आहे. पुढे रस्ता घाट चढून मेडशी, मालेगावकडे जातो. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी याच वाटेने जाते. लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली आहे. त्यामुळे हा घाट माझ्या मनात नेहमी टाळ-मृदंगाचा घाट म्हणूनच होता.

मामांकडे एक जुनी पिकअप आहे. सेकंडहँड घेतलेली. कपाशी, सोयाबीन, तूर, खताची पोती, लग्नाची भांडी, जे मिळेल ते भाडं. बंपरला लिंबू-मिरची, काचेवर आई रेणुकेचं नाव, डॅशबोर्डवर गजानन महाराजांची छोटी मूर्ती.

त्या वर्षी श्रावणात मामांचा फोन आला होता. बाकीचं बोलून झाल्यावर म्हणाले, "बाबू, गाडीचं ब्रेक ऑइल कमी होऊन रायलं रे. टाकलं का महिन्याभरात डबी पुन्हा खाली. तो लाल लाईटही लागते कधी कधी. मिस्त्री म्हणते खालून पाईप पाहा लागते, पाच-सहा हजार लागतीन. काय करू?"

मी तेव्हा ऑफिसच्या कॉलमध्ये होतो. एका कानात इअरफोन, दुसऱ्या कानाला मामा. मी म्हणालो, "मामा, सध्या टॉप-अप करत राहा. दिवाळीनंतर बघू." मामांनी ऐकलं, कारण भाचा इंजिनिअर आहे. भाचा कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं नव्हतं.

नवरात्रात मी गावी गेलो. सातव्या माळेच्या दिवशी मामांबरोबर मेडशीकडे गेलो. तिथल्या एका नातेवाइकाचं नवीन सोयाबीन अकोल्याच्या बाजारात न्यायचं होतं. पंधराएक क्विंटल माल भरला आणि दुपारी चारच्या सुमारास आम्ही घाट उतरायला लागलो.

एका वळणाआधी समोर म्हशी आल्या. मामांनी ब्रेक जोरात दाबला. खालून 'फट्' असा बारीक आवाज आला, इतका बारीक की मला वाटलं गोटा उडाला. पेडल नेहमीपेक्षा खूप खाली गेलं, पण गाडी हळू झाली. म्हशी बाजूला झाल्या. मामा नुसते म्हणाले, "लय खाली गेला." आणि आम्ही पुढे निघालो. थांबलो नाही. ही आमची त्या दिवसातली दुसरी चूक. पहिली श्रावणात झाली होती.

पुढची दोन-तीन वळणं ब्रेक लागत होता, पण दरवेळी थोडा कमी. मग एका सरळ उतारावर मामांनी पाय टेकवला आणि पेडल थेट तळाला जाऊन बसलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तळाला. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ब्रेक लागून नाई रायला. धरून बस."

खाली शंभरेक मीटरवर रस्त्याच्या कडेने दहा-बारा बाया पायी चालल्या होत्या, देवीच्या दर्शनाला. दोघींच्या कडेवर लेकरं होती. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

मामांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. इंजिन असं ओरडलं की मला वाटलं फुटतंय. हँडब्रेक हळूहळू ओढला. बाया ओरडत चरात उतरल्या. त्यांच्यापासून थोडं अलीकडे, डाव्या हाताला, रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. मामांनी गाडी त्यात घातली. मुरूम काचेवर उडाला, गाडी तिरपी झाली आणि थांबली.

कुणाला काही झालं नाही. मामांच्या कपाळाला खोक आणि माझ्या गुडघ्याला मुका मार, बस्. मी खाली उतरलो तर पाय लटलट कापत होते. एक म्हातारी जवळ आली. वाटलं, आता शिव्या देणार. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं. म्हणाली, "पी बाप्पा. आईनं वाचवलं."

चाचांचं गॅरेज

गाडी ओढून पातूरला नेली. तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. साठीचे आहेत. त्यांनी जॅक लावला, खाली पोतं अंथरलं आणि मला म्हणाले, "या भाऊ, झोपा इथं. वरून नाई दिसत."

मी ऑफिसच्या जीन्समध्ये त्या पोत्यावर उताणा झोपलो. चाचांनी टॉर्च मारला. चेसीच्या कडेने एक बारीक लोखंडी नळी मागच्या चाकांकडे गेली होती, पेन्सिलीपेक्षाही बारीक. बराच भाग ठीक दिसत होता. पण जिथे ती चेसीला क्लिपने धरलेली होती, तिथे वर्षानुवर्षांचा चिखल घट्ट बसला होता. चाचांनी स्क्रू ड्रायव्हरने चिखल काढला. आत नळी तपकिरी, फुगलेली, पापुद्रे सुटलेली. एका जागी फाटलेली. बोटाने दाबली तर बिस्किटासारखी चुरली.

चाचांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो, कारण पुढचं चिंतन यावरच उभं आहे.

आपण अकरावीत पास्कलचा नियम शिकतो. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. गाडीचा ब्रेक म्हणजे हाच नियम. पाय पेडलवर पडतो, मास्टर सिलेंडर ऑइलवर दाब देतो, तो दाब या नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो आणि तिथे लायनर चाकाला आवळतं. जोरात ब्रेक मारला की नळीतला दाब टायरमधल्या हवेच्या वीस-तीस पट होऊ शकतो. म्हणजे पाय आणि चाक यांच्यात फक्त ही नळी आणि तिच्यातलं ऑइल. दोन्ही ठीक असेल तरच पायाचं म्हणणं चाकाला कळणार.

आता गंजाचा खेळ पाहा. नळी बाहेरून गंजत जाते, भिंत पातळ होत जाते. गावात हळू चालवताना ब्रेक हलकाच दाबतो, तेवढा दाब पातळ झालेली नळीही सहन करते. गाडी रोज थांबते, म्हणून आपल्याला वाटतं ब्रेक चांगला आहे. मग एक दिवस म्हशी आडव्या येतात, आपण पूर्ण ताकदीने पाय मारतो आणि नळी तेव्हाच फुटते. गंजलेली नळी आपली कमजोरी दाखवते ती बहुतेकदा सगळ्यात जास्त गरज असते त्याच क्षणी.

फुटल्यावरही लगेच सगळं संपलं नाही, कारण आजकालच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. मागचा गेला तरी पुढचा राहतो. त्यावर आम्ही दोन-तीन वळणं उतरलो. पण पंधरा क्विंटलचा भार एकट्या पुढच्या चाकांवर आला, ती तापली. त्यातलं ऑइल जुनं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नेहमीचं डॉट थ्री जातीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा मापदंड आहे. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येतो. ऑइल उकळलं की वाफ होते. वाफ दबते, दाब पुढे पोहोचवत नाही. म्हणून पेडल तळाला गेलं.

मी विचारलं, "चाचा, इतकी कशी काय गंजली?"

"एक कारण नाई सांगता येत भाऊ. पोटॅशची पोती वाहिली, ती फाटली, खत आत सांडलं. पाऊस आला, चिखल झाला. अन् पहिला मालक खारपाणातला. बोरच्या खाऱ्या पाण्यानं गाडी धुवत असंल."

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत मोठा खारपाण पट्टा आहे. तिथलं जमिनीखालचं पाणी खारट. पिकाला चालत नाही, पिऊन किडनीचे आजार होतात असं तिथले लोक कळवळून सांगतात. लोखंडाला ते काय करत असेल ते सांगायला नको.

पुण्याला आल्यावर मी या विषयावर वाचत बसलो. अमेरिकेत थंडीच्या राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे जुन्या पिकअपच्या ब्रेकच्या नळ्या अशाच गंजून फुटल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने कित्येक वर्षं तपास केला. एप्रिल २०१५ मध्ये तो बंद करताना त्यांनी बनावटीतला दोष धरला नाही. वय आणि मीठ, हे कारण सांगितलं. मालकांना सल्ला दिला तो अगदी चाचांसारखा: गाडी खालून धुवा, खालून तपासा, आणि नळी फार गंजली असेल तर तुकडा न जोडता पूर्ण बदला.

अमेरिकेतलं रस्त्यावरचं मीठ असो की वऱ्हाडातलं खारं पाणी, ते गाडीला चिकटतं तेव्हा आवाज करत नाही.

मग मी चाचांना तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मला माहीत होतं. "पण मामा ऑइल टाकत होते ना?"

चाचा हसले नाहीत. "भाऊ, ब्रेक ऑइल म्हंजे डिझेल नाई. जळत नाई ते. लायनर घासलं तं जरासं उतरते. पण घडी घडी टाका लागते, म्हंजे कुठंतरी गळून रायलं. ते टाकायचं नसते, गळती शोधायची असते."

लगाम

आता परत मंत्राकडे येऊ.

त्या रात्री झोप आली नाही. पोथी उघडली तर सकाळी वाचायचं राहिलेलं पान समोर आलं. हेच, रथाचं. आणि पहिल्यांदा मला प्रश्न पडला: यमाने लगाम वेगळा का सांगितला? सारथी आहे, घोडे आहेत. चांगला सारथी, चांगले घोडे, एवढं म्हटलं असतं तरी गोष्ट पुरी झाली असती.

पण घाटात सारथ्याने चूक केली नव्हती. मामांचा पाय वेळेवर पेडलवर पडला होता. इंजिनही वाईट नव्हतं, उलट दुसऱ्या गिअरमध्ये त्यानेच वाचवलं. तुटलं ते मधलं.

आपल्या मराठीत यासाठी किती नेमका शब्दप्रयोग आहे: कळतं पण वळत नाही. कळतं ते बुद्धीला. वळायचं असतं इंद्रियांना, घोड्यांना, चाकांना. आणि या दोघांच्या मध्ये जे आहे, ज्यातून कळलेलं वळण्यापर्यंत पोहोचतं, ते मन.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ६० व्या श्लोकात, भगवान अर्जुनाला बजावतात की प्रयत्न करणाऱ्या शहाण्या माणसाच्या मनालाही इंद्रियं जबरदस्तीने ओढून नेतात. शहाण्या माणसाच्या, हे महत्त्वाचं. म्हणजे सारथ्याचा अभ्यास कमी पडला असं तिथे म्हटलेलं नाही. आपण तरुण मंडळी सारथ्यावर फार खर्च करतो. पॉडकास्ट, प्रवचनं, भाष्यं, चार-चार अनुवाद. माझ्या मोबाईलमध्ये उपनिषदांच्या सात आवृत्त्या आहेत. सारथी माझा पदवीधर आहे. नळी कशी आहे, ते मी खाली झोपून कधी पाहिलं नव्हतं.

माझी नळी

हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण न लिहिता पुढे गेलो तर हे चिंतन खोटं होईल.

नवरात्राच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. माझ्या टीममध्ये एक नवा मुलगा होता, पहिलीच नोकरी. त्याच्या एका चुकीमुळे आमची सिस्टीम दोन तास बंद पडली. वरून मला फोनवर फोन. संध्याकाळी सगळ्यांचा व्हिडिओ कॉल होता, पंधरा जण. मी बोलायला लागलो आणि आतून स्पष्ट ऐकू आलं: थांब. इथे नको. उद्या एकट्याशी बोल. मंडळी, मी शपथेवर सांगतो, पाय पेडलवर पडला होता. कळत होतं. आणि तरी तोंडातून गेलं, "तुला इथे घेतलं कुणी?"

तो काही बोलला नाही. त्याने कॅमेरा बंद केला.

त्या सकाळी माझी माळ झाली होती. स्तोत्र झालं होतं. त्या दिवसाचं चिंतनही लिहून झालं होतं, विषय होता क्षमा.

त्या कॉलनंतर मी स्वतःला काय सांगितलं? आज दाब फार होता. नाहीतर मी असा नाही. पण चाचांच्या गॅरेजमध्ये कळलं की हेच तर उलटं आहे. दाब जास्त असेल तेव्हा फुटली म्हणजे नळी गंजलेलीच होती. रोज फुटत नव्हती कारण रोज पुरेसा दाब नव्हता. देवळात मी शांत असतो, त्याचं श्रेय मला नाही. तिथे म्हशी आडव्या येत नाहीत.

आणि लाल दिवा? तो तर कितीदा लागला होता. बायको दोन-तीनदा म्हणाली होती, "तू हल्ली तोडून बोलतोस." आईशी फोनवर बोलताना मी "हं, हं" म्हणत मेल वाचत होतो. ट्रॅफिकमध्ये तोंडातून येणारे शब्द वाढले होते. आमच्या कामात सर्व्हरचा अलार्म वाजला की त्याला स्नूझ करता येतं. मी प्रत्येक वेळी तेच केलं. आणि वरून टॉप-अप केलं. जास्त बिघडल्यासारखं वाटलं की एक माळ जास्त, एकादशीला शेगावची फेरी, मग बरं वाटायचं. डबी भरलेली दिसायची. महिन्याभरात पुन्हा खाली.

माळ आणि शेगावची फेरी वाईट म्हणतोय असं समजू नका. ऑइल हवंच. पण गळती शोधायची नाही म्हणून मी नाम घेत होतो, आणि मामांना दिलेला सल्ला मी स्वतःला रोज देत होतो: सध्या टॉप-अप करत राहा, दिवाळीनंतर बघू.

कुठे गळत होतं, ते नंतर सापडलं. माझ्या बाबतीत ते कामाचं नावच होतं. 'आपल्यामुळे काही बंद पडता कामा नये' ही भीती. मी तिला जबाबदारी म्हणत होतो. क्लिपखालचा चिखल असतो तशी ती होती. क्लिप नळीला आधार द्यायलाच असते, आणि चिखल साचतो तोही तिथेच. आपण ज्या जागी स्वतःला सगळ्यात पक्कं समजतो, तिथे एकदा टॉर्च मारा.

न्यूट्रल

पुण्यातल्या मंडळींना २० नोव्हेंबर २०२२ ची रविवारची संध्याकाळ आठवत असेल. नवले पुलावर एका भरधाव ट्रकने एकामागून एक कितीतरी गाड्यांना धडक दिली. पहिली बातमी आली: ब्रेक फेल. नंतरच्या तपासात पुढे आलं की कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनच्या उतारावर चालकाने गाडी बंद करून सोडली होती, डिझेल वाचवायला. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की ब्रेकला मिळणारी ताकद जाते आणि गिअरची पकडही जाते.

मामांनी ऐन वेळी दुसरा गिअर टाकला म्हणून त्या बाया आज आहेत. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवायची, ब्रेकवर सगळा भार टाकायचा नाही, हे प्रत्येक जुना ड्रायव्हर सांगतो. साधनेत या गिअरचं नाव नियम. ठरलेल्या वेळी उठणं, ठरलेल्या वेळी झोपणं, जेवताना फोन न घेणं, राग आला की मेल लगेच न पाठवणं. नियमाने वेग आधीच कमी राहतो, मनावर कमी दाब येतो. आणि उताराचे दिवस म्हणजे नेमके कोणते? जेव्हा सगळं आपोआप चालतं. प्रमोशन, पगारवाढ, सुट्टी. तेव्हाच आपण म्हणतो, आता जरा न्यूट्रलमध्ये टाकू.

आईनं वाचवलं?

शेवटचा प्रश्न, जो मला अजून सोडत नाही.

घरी आल्यावर मामींनी देवीसमोर नारळ फोडला. "आईनं वाचवलं." त्या म्हातारीचेही तेच शब्द. चाचांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "दुवा आपल्या जागी भाऊ, पाना आपल्या जागी. दुवा कबूल झाली म्हणून पाना ठेवून द्यायचा नसते."

मी देवीवर विश्वास ठेवतो. पण मला त्या बायांची पाठ आठवते. मुरमाचा ढीग तिथे नसता तर? त्याही आईच्याच दर्शनाला निघाल्या होत्या. मग त्यांच्या घरी कुणी काय म्हटलं असतं? आपली चूक झाकायला 'देवाची कृपा' म्हणणं आणि आपली चूक पाहून मग 'कृपा' म्हणणं, यांत फरक आहे. बंपरवरची लिंबू-मिरची मामांनी दर शनिवारी न चुकता बदलली होती. तिच्यापासून चार हात मागे नळी कुजत होती.

मी असं समजतो: श्रावणातला तो लाल दिवा ही पहिली कृपा होती. ऑइलची उतरणारी डबी ही दुसरी. मिस्त्रीचा सल्ला तिसरी. मुरमाचा ढीग ही शेवटची. आपण फक्त शेवटचीला नारळ फोडतो. कठोपनिषदात हा रथाचा धडा कोण देतो ते विसरू नका. स्वतः यम देतो. तो आधी सांगतो, आणि नचिकेतासारखं कुणी बसून ऐकलं तर ऐकवतोही.

मामांनी मागच्या-पुढच्या सगळ्या नळ्या नव्या टाकल्या. पैसे मी दिले. ते श्रावणातच द्यायचे होते. पुण्याला परतल्यावर मी त्या मुलाला भेटलो आणि माफी मागितली. तो "ठीक आहे सर" म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने दुसरी टीम मागून घेतली. मी त्याला अडवलं नाही. मुरूम काचेवरून झाडता येतो, पण गाडीला पडलेला पोचा राहतो.

आजचा संकल्प

दोन गोष्टी, दोन्ही आजच करायच्या.

एक: घरी गाडी असेल, गावी वडिलांची, काकांची, मामांची असेल, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. वारंवार उतरत असेल, पेडल खाली जात असेल किंवा लाल दिवा लागत असेल, तर ती गाडी आधी मिस्त्रीकडे जाऊ द्या, मग कामाला. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं असं बहुतेक कंपन्या सांगतात. पावसाळा संपला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. हेही धर्माचंच काम आहे, कारण रस्त्याने चालणाऱ्याची पाठ तुमच्याकडे असते.

दोन: रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं. आज पाय पेडलवर पडला आणि तरी चाक फिरतच राहिलं, असं कुठे झालं? एकच प्रसंग. स्वतःला शिक्षा करायची नाही, सबब सांगायची नाही. फक्त चिखल काढून पाहायचं, तिथे खाली काय आहे.

आई रेणुके, आमच्या मनाला लाल दिवा दिलास, तो बघायची बुद्धी दे. आणि बघितल्यावर उद्यावर न ढकलायची ताकद दे.

उद्या मंत्र १० आणि ११ घेऊ.

राम कृष्ण हरी. जय गजानन.